धोक्यालाच राखणीला बसवणारं भांडं

२० सेंटीमीटर व्यासाचं झाकण असलेला कुकर शिट्टीच्या बेतात आला की आतली वाफ त्या झाकणाला सुमारे ३१४ किलोच्या जोराने वर ढकलत असते. हिशेब सोपा आहे. आपला घरगुती कुकर दर चौरस सेंटीमीटरला १ किलो एवढ्या दाबावर चालतो आणि २० सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटीमीटर भरतं. म्हणजे ज्वारीची तीन भरलेली पोती. एवढा जोर कोंडलेलं भांडं घरोघरी रोज गॅसवर चढतं. ते चढवणाऱ्याने कुठलाही अभ्यासक्रम केलेला नसतो, भांड्याला वीज नसते, सेन्सर नसतो, दाब दाखवणारा काटाही नसतो. कारखान्यातल्या बॉयलरपाशी परवाना असलेला माणूस लागतो. कुकरपाशी कोणीच नसलं तरी चालतं, किंबहुना बहुतेक वेळा कोणी नसतंच.

हे जमतं कारण कुकरमध्ये राखणीचं काम माणसाच्या लक्षावर किंवा स्मरणावर सोडलेलं नाही. ते धोक्यावरच सोपवलं आहे. दाब वाढला की दाबच स्वतःची वाट उघडतो, उष्णता हाताबाहेर गेली की उष्णताच झाकणाला भोक पाडते, आणि आत दाब असेपर्यंत झाकण उघडू नये याची काळजीही काही कुकरांत दाबच घेतो. उत्पादनाच्या रचनेत याहून सरळ आणि याहून स्वस्त हुशारी फार थोड्या वस्तूंत सापडते. म्हणून एकेक भाग उलगडून बघू.

शिट्टी: स्प्रिंग नाही, नुसतं वजन

कल्पना जुनी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापँ याने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफ कोंडून हाडं मऊ करणारं भांडं मांडलं. झाकण स्क्रूने आवळायचं आणि जास्तीचा दाब निघून जायला तरफेवर टांगलेल्या वजनाची झडप. आतली उष्णता जोखायला पापँ झाकणावरच्या खळग्यात पाण्याचा थेंब टाकायचा आणि तो उडून जायला किती वेळ लागतो हे लंबकाने मोजायचा. त्याच्या झडपेत तरफ असल्यामुळे वजन पुढे-मागे सरकवून दाब कमीजास्त करता येई. आजच्या कुकरने ती तरफ काढून टाकली आणि वजन थेट भोकावर ठेवलं. ही वजाबाकी मला मूळ शोधाइतकीच मोलाची वाटते. बदलता येईल असं काहीच ठेवलं नाही की कोणी चुकीचं बदलूही शकत नाही.

शिट्टीचं गणित असं. शिट्टी ज्या नळीवर बसते तिचं भोक ३ मिलिमीटर व्यासाचं धरू. त्याचं क्षेत्रफळ ०.०७०७ चौरस सेंटीमीटर. १ किलोचा दाब त्या भोकातून जेमतेम ७१ ग्रॅम वजन उचलू शकतो, म्हणून शिट्टी ७१ ग्रॅमची करायची. भोक ३.५ मिलिमीटर असेल तर तेच वजन ९६ ग्रॅम होतं. हे आकडे समजण्यापुरते आहेत, प्रत्यक्षात प्रत्येक कंपनीचं भोक आणि शिट्टी यांची जोडी वेगळी असते. पण एक गोष्ट त्यातून लगेच दिसते: शिट्टी आणि नळी मिळून एकच भाग आहे. ९६ ग्रॅमची शिट्टी ३ मिलिमीटरच्या भोकावर बसवली तर कुकर १ ऐवजी १.३६ किलोला वाजेल. उलट ७१ ग्रॅमची शिट्टी ३.५ मिलिमीटरवर ठेवली तर तो पाऊण किलोच्याही आत सुटेल, १ किलो दाबाला पाणी १२० अंशांना उकळतं, ते ११६ अंशांच्या आसपास अडकेल आणि हरभरे नेहमीच्या वेळात कच्चे राहतील. शिट्टी हरवली म्हणून शेजारच्या घरची दुसऱ्या कंपनीची शिट्टी आणून लावतात, ती नीट बसते, वाजतेही, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. बसणं आणि वाजणं यांवरून दाब कळत नाही.

स्प्रिंग का नको? स्प्रिंग उष्णतेने ढिली पडते, गंजते, तिच्यात कण अडकतात. शिवाय स्प्रिंगला बहुधा आवळायचा स्क्रू येतो आणि स्क्रू दिसला की कोणीतरी तो आवळतोच. वजन मात्र वीस वर्षांनीही तेवढंच भरतं. स्वित्झर्लंडच्या कून रिकॉन कंपनीने १९४९ मध्ये आणलेल्या ड्युरोमॅटिकमध्ये स्प्रिंगची झडप आहे. दांडी वर येते, तिच्यावरच्या रेघा बघून दाब कळतो आणि वाफ फारशी वाया जात नाही. ती रचना सुंदर आहे यात शंका नाही, पण तिला बघणारा डोळा लागतो. आपली शिट्टी दुसऱ्या खोलीत ऐकू येते. भाजी निवडत, मुलाचा अभ्यास घेत, अंगणात कपडे वाळत घालत कुकरवर कान ठेवता येतो. आपल्या घरांच्या चालीला आवाजाचा काटा जास्त मानवतो.

शिट्टी सतत फुसफुसत न राहता एकदम का वाजते, यामागे आणखी एक बारकावा आहे. वजन बसलेलं असताना वाफेचा दाब फक्त भोकाएवढ्या जागेवर लागतो. ते किंचित उचललं गेलं की वाफ शिट्टीच्या खालच्या रुंद भागात पसरते, दाब लागणारी जागा वाढते आणि उचलणारा जोरही वाढतो. म्हणून शिट्टी एकदा उठली की पुरती उठते, आतला दाब चांगलाच उतरेपर्यंत वर राहते आणि मग खाली बसते. पुन्हा दाब साठायला वेळ लागतो. दोन शिट्ट्यांमधलं अंतर म्हणजे तो वेळ.

यावरून हेही कळेल की शिट्ट्या मोजणं म्हणजे वेळ मोजणं नव्हे. शिट्ट्यांची संख्या आपण गरजेपेक्षा किती जास्त आच देतोय ते सांगते. मोठ्या बर्नरवरून भांड्याला साधारण दीड किलोवॅट उष्णता मिळते असं धरलं तर दाब आल्यानंतर ती सगळी उष्णता वाफ करण्यातच जाते, मिनिटाला सुमारे ४० ग्रॅम. पंधरा मिनिटं आच मोठी ठेवली तर ६०० ग्रॅम पाणी शिट्टीवाटे उडालं. डब्यांखाली दोन वाट्या पाणी घातलेलं असेल तर कुकर कोरडा पडला. दाब टिकवायला मात्र फक्त भांड्याच्या अंगावरून हवेत जाणारी उष्णता भरून काढावी लागते आणि ती मध्यम कुकरची दीड-दोनशे वॅटच असते. म्हणून पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, आणि तिच्यानंतर आच इतकी बारीक की शिट्टी हलत राहील पण वाजणार नाही, वेळ घड्याळावर. तुरीची डाळ असो की राजमा, 'तीन शिट्ट्या' यापेक्षा 'पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर इतकी मिनिटं' हे माप एका घरातून दुसऱ्या घरात जाताना बदलत नाही.

नळीवर शिट्टी आधीपासून ठेवायची की वाफ आल्यावर, याबद्दल घरोघरी वेगळी रीत आहे. वाफेची सरळ, जोरदार धार दिसल्यावर शिट्टी ठेवणं हीच योग्य रीत. तिची कारणं दोन. आतली हवा बाहेर गेलेली नसेल तर दाबाचा काही वाटा हवेचा असतो आणि तेवढी वाफ कमी असते. कुकरमध्ये चौथा हिस्सा हवा राहिली तर दाब पुरा असूनही उष्णता १२० ऐवजी १११ अंशांच्या घरात राहते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: धार दिसली म्हणजे नळी मोकळी आहे हे दर वेळी आपोआप तपासलं गेलं. धार आलीच नाही, नुसती बाजूने वाफ झिरपतेय, तर गॅस बंद करून नळी बघायची. कुकर लावण्याआधी झाकण उजेडासमोर धरून नळीतून आरपार दिसतं का ते बघायला दोन सेकंद लागतात. तांदळाचा दाणा किंवा डाळीचं साल अडकलेलं असेल तर सुईने किंवा बारीक तारेने काढता येतं.

एक उपप्रश्न, कारण तो ट्रेकिंगवाले हमखास विचारतात. शिट्टी बाहेरच्या हवेच्या दाबावर आणखी १ किलो दाब चढवते. लेहमध्ये, साडेतीन हजार मीटरवर, उघड्या भांड्यात पाणी ८८ अंशांना उकळतं. तिथे कुकरमध्ये ते ११४ अंशांच्या आसपास जातं. समुद्रकाठच्या १२० पेक्षा कमी, पण डाळ शिजायला पुरेसं. वेळ मात्र वाढवून धरावा.

आतलं झाकण, बाहेरचं झाकण

भारतात दोन घराणी आहेत. मुंबईत १९५९ मध्ये सुरू झालेल्या आणि ठाण्यातही कारखाना असलेल्या हॉकिन्सचं झाकण आतून बसतं. बंगळुरूच्या प्रेस्टीजचं प्रसिद्ध झालेलं झाकण बाहेरून, फिरवून बसतं. (दोन्ही कंपन्या दुसऱ्या प्रकारचेही कुकर करत आल्या आहेत, पण ओळख ही.)

आतलं झाकण ही खरी भूमितीची करामत आहे. तोंडापेक्षा मोठं झाकण तोंडातूनच आत कसं जाईल? तोंड गोल असेल तर जाणारच नाही. पण लंबगोल असेल तर जातं. समजा तोंड २० बाय १७ सेंटीमीटर आहे आणि झाकण चारही बाजूंनी काठाखाली १ सेंटीमीटर जायला हवं. मग झाकण झालं २२ बाय १९. ते तिरकं केलं की त्याची १९ सेंटीमीटरची बाजू तोंडाच्या २० सेंटीमीटरमधून सरकते. आत गेल्यावर पाव फेरी फिरवून सरळ केलं की चारही बाजूंनी काठाखाली बसतं. बॉयलरमध्ये माणूस उतरतो त्या तोंडाचं झाकण याच कारणाने लंबगोल असतं आणि आतूनच बसवतात. काठ आणि झाकण यांत ठेवलेली जागा फार कमी असते. १ सेंटीमीटरऐवजी पावणेदोन ठेवली तर तेच झाकण २०.५ रुंद होऊन तोंडात जायचं थांबेल. म्हणूनच पडून काठ वाकला की असा कुकर एक तर बंद होत नाही, किंवा बंद झाल्यावर एका बाजूने वाफ सोडत राहतो. हातोडीने ठोकून काठ सरळ करायच्या फंदात पडू नये, अॅल्युमिनियम तिथे आधीच ताणलेलं असतं.

या रचनेत दाब जितका जास्त तितकं झाकण रिंगेवर घट्ट दाबलं जातं. दाब नसतो तेव्हाच काय ती अडचण: सुरुवातीला झाकण वर ओढून धरणारं कोणी नसतं. ते काम झाकणाच्या दांडीचं. दांडी भांड्याच्या मुठीत अडकवली की ती झाकणाला थोडं वर खेचून ठेवते, पुढचं वाफ बघते. आणि उघडायचं झालं तर झाकण आधी खाली, दाबाच्या विरुद्ध ढकलावं लागतं. आत दहावा हिस्सा दाब, म्हणजे ०.१ किलो, उरला असला तरी २५०-३०० चौरस सेंटीमीटरच्या झाकणावर पंचवीस-तीस किलोंचा जोर होतो. तो हाताने दाबणं सहजासहजी जमत नाही. वेगळं कुलूप नाही, वेगळी खीळ नाही, तरीही दाब असताना कुकर उघडत नाही.

बाहेरच्या झाकणाचं उलट आहे. तिथे ३१४ किलोंचा जोर झाकणाच्या आणि भांड्याच्या काठावर असलेल्या दात्यांवर येतो. दाते पुरते एकमेकांत गेले असतील तर हा भार त्यांना जड नाही. पण झाकण अर्धवट फिरवलेलं असेल तर मोजके दाते सगळा भार झेलतात आणि काठ उकलू शकतो. उघडतानाही गणित वाकडं: तोच ०.१ किलोचा दाब उरलेला असताना झाकणाला ३१ किलो वर ढकलतायत, पण आपण झाकण वर ओढत नाही, फिरवतो. दात्यांमधलं घर्षण ३१ किलोंच्या पाचव्या हिस्स्याएवढं, सहा किलो धरलं, आणि लांब मुठीमुळे ते हाताला अडीच-तीन किलोच जाणवलं, तर कुठलाही सशक्त हात झाकण फिरवून मोकळा होईल. म्हणून चांगल्या बाहेरच्या झाकणात दाबाने वर येणारी छोटी खुंटी असते. वाफ तिला उचलते, ती मुठीच्या खाचेत जाऊन झाकण अडवते, दाब गेला की आपल्या वजनाने खाली पडते. पुन्हा तेच तत्त्व, पण इथे ते वेगळा भाग जोडून आणावं लागलं. ती खुंटी चिकट झाली की कुकरला दाब नसतानाही झाकण उघडत नाही किंवा दाब असताना अडवत नाही. आठवड्याला एकदा बोटाने वरखाली करून मोकळी आहे ना ते बघावं.

मग आतलंच झाकण सगळ्यांनी का घेऊ नये? डब्यांमुळे. आपल्याकडे कुकर म्हणजे एकावर एक डबे: खाली डाळ, वर भात, जमलं तर वरती बटाटे. ही सवय दाबाच्या कुकरच्याही आधीची आहे. कोलकात्याच्या इंदुमाधव मल्लिक यांचा १९१० चा इकमिक कुकर असाच डब्यांच्या उतरंडीचा होता आणि तो नुसत्या वाफेवर, मंद कोळशावर शिजवत असे. आतल्या झाकणाच्या कुकरचं तोंड भांड्याच्या पोटापेक्षा अरुंद असतं, त्यामुळे डबे तोंडातून जातील एवढेच घ्यावे लागतात आणि बाजूची जागा फुकट जाते. बाहेरच्या झाकणाचं तोंड पूर्ण मोकळं. पाच-सहा माणसांचा वरणभात रोज डब्यात लावणाऱ्या घराने बाहेरचं झाकण घेतलं तर त्यात काही चूक नाही. कुकरमध्ये थेट भाजी, उसळ, मटण शिजवणाऱ्याने आतलं घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

वितळणारी राखण

वजनाची झडप एकाच कारणाने निकामी होते: नळी तुंबली तर. म्हणून दुसरी वाट हवी, आणि ती त्याच कारणाने तुंबणारी नको. दुसरी तसलीच नळी देऊन काही साधलं नसतं, कारण डाळीचा फेस एका नळीत चढला तर दुसरीतही चढेल. इथे सेफ्टी व्हॉल्व्हची कल्पना येते. झाकणात एक छोटा पितळी भाग, त्याच्या मधल्या भोकात कमी उष्णतेला वितळणारा मिश्रधातू भरलेला. भोक बंद, त्यामुळे फेस आत चढून बसायला जागा नाही. मिश्रधातू वितळला की भोक मोकळं.

उष्णता ओळखणारा भाग दाबाचं रक्षण कसा करतो? पाणी शिल्लक असताना बंद भांड्यातल्या वाफेचा दाब आणि उष्णता एकमेकांना बांधलेले असतात. १२० अंश म्हणजे १ किलो. उदाहरणादाखल बिस्मथ आणि कथील यांचा ५८ ला ४२ प्रमाणातला मिश्रधातू घेऊ. तो १३८ अंशांना वितळतो आणि १३८ अंशांना वाफेचा दाब २.४ किलोच्या आसपास असतो. म्हणजे नळी तुंबून दाब दुपटीच्या वर गेला की धातू आपोआप जागा सोडेल. आणि पाणी संपून कुकर कोरडा पडला तर दाब वाढणारच नाही, शिट्टी मुकाट बसून राहील, पण उष्णता वाढेल आणि तोच धातू तेव्हाही वितळेल. दोन अगदी निराळे धोके, आणि दोघांवर एकच, काही रुपयांचा भाग. कुकरमधल्या सगळ्या कल्पनांत मला ही सर्वांत देखणी वाटते.

आणि तिच्यावरच सर्वांत भयंकर अत्याचार होतात. सेफ्टी व्हॉल्व्ह वारंवार उडतो म्हणून त्या जागी नट-बोल्ट बसवून देणारे आहेत, साध्या कथलाचा डाख देणारे आहेत. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात वापरतात तो ६०-४० चा कथील-शिशाचा डाख १८३ अंशांच्या पुढे वितळू लागतो. त्या उष्णतेला वाफेचा दाब १० किलोच्या जवळ जातो. २० सेंटीमीटरच्या झाकणावर तीन टनांहून जास्त. तिथवर पोचण्याआधीच काठ किंवा दाते सुटतील. शिवाय त्या डाखात शिसं असतं आणि त्याच्यावर रोज वाफ आदळून डाळीत उतरते. नट-बोल्टाच्या बाबतीत तर आकडा काढायचंही कारण नाही.

व्हॉल्व्ह उडाला तर त्याने काम केलं आहे. आधी कारण शोधायचं: नळी, फेस, पाणी. मग त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा नवा व्हॉल्व्ह पान्याने बसवायचा, सोबतच्या वॉशरसकट. वॉशर विसरला की आट्यांतून वाफ झिरपते आणि मग माणसं तो नको तेवढा आवळून झाकणाचे आटे घालवतात.

रिंग

गॅस्केटला लोक वाफ अडवणारा रबर समजतात. प्रेस्टीजच्या बाहेरच्या झाकणात तिच्यावर आणखी एक जबाबदारी आहे. झाकणाच्या उभ्या काठात एक लांबट खिडकी कापलेली दिसेल. नेहमीच्या दाबाला रिंग त्या खिडकीत नुसती टेकून राहते. नळी तुंबून दाब फार वाढला की रिंगेचा तेवढाच भाग फुगून खिडकीतून बाहेर येतो, बंद तुटतो आणि वाफ भांड्याच्या अंगाला लागून खाली निघून जाते. रिंगेचा मऊपणा हाच इथला काटा आहे. म्हणून बाजारातली त्याच मापाची, पण कडक रबराची रिंग वाफ उत्तम अडवेल आणि ऐन वेळी खिडकीतून बाहेर येणार नाही. जुनी होऊन टणक झालेल्या रिंगेचंही तेच. वाफ सुटत नाही तोवर रिंग चांगली, हा समज या रचनेत धोक्याचा आहे. रिंग दुमडून बघावी. वळताना भेगा दिसल्या, किंवा सोडल्यावर ती वाकडीच राहिली, तर बदलावी. रोजच्या वापरात वर्षातून एकदा बदलणं शहाणपणाचं.

अशी वाफ खाली सुटली तर पहिल्यांदा गॅसचं बटण बंद करावं. खाली येणाऱ्या वाफेने ज्योत विझू शकते आणि गॅस चालूच राहतो.

रिंगेच्या सैलपणावर फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. थंडीने रबर आकसतो, एक वेळ निभावून जाते. पण तो नवी रिंग आणेपर्यंतचाच इलाज. झाकण लावून कुकर मांडणीवर ठेवू नये, रिंग दबलेल्या आकारातच बसते. झाकण उलटं करून भांड्यावर ठेवावं. आणि रिंगेला तेल चोळू नये: काही रबर तेलाने फुगतात आणि मऊ पडतात.

कुकर पडू द्यावा, तो का

घरातले बहुतेक भाजण्याचे प्रकार कुकर फुटून होत नाहीत, घाईने उघडून होतात. आतलं पाणी १२० अंशांवर आहे. दाब एकदम काढला तर ते १०० अंशांपर्यंत उतरताना जादा उष्णता वाफ बनवण्यात खर्च होते आणि पाण्याचा सुमारे पावणेचार टक्के हिस्सा क्षणात वाफ होतो. दोन लिटर पाण्यातले ७५ ग्रॅम. ऐकायला थोडे वाटतात, पण त्यांची वाफ होते सव्वाशे लिटर, आणि ती भांड्यात वर जमलेली नसते, डाळीच्या पोटात जागोजागी तयार होते. म्हणून डाळ उसळून अंगावर येते. पातळ पाण्यापेक्षा दाट डाळ, आमटी, खीर जास्त धोकादायक, कारण त्यांच्यातून बुडबुडे लवकर सुटत नाहीत. चमच्याने शिट्टी उचलून वाफ काढणं भाज्यांना ठीक, डाळीला कधीही नाही. शिट्टी किंचित उचलल्यावर नुसत्या वाफेऐवजी फेस किंवा पाणी आलं तर सोडून द्यावी आणि कुकर पडायची वाट बघावी.

झाकणावर गार पाणी ओतायचं तर नळीवर आणि शिट्टीवर ओतू नये. आतली वाफ झपाट्याने निवून तिचं पाणी झालं की आत हवेपेक्षा कमी दाब होतो आणि नळीवाटे बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. पाण्याचा ओघ काठाशी, एका बाजूने.

किती भरायचं याचं कारणही नळीच आहे. सर्वसाधारण पदार्थ दोन तृतीयांशापर्यंत. डाळ, भात, कडधान्य, फेसाळणारं काहीही थेट कुकरमध्ये शिजवताना अर्ध्यापर्यंत. डाळीतली प्रथिनं आणि साबणासारखी फेसाळणारी द्रव्यं मिळून चिवट फेस करतात; चमचाभर तेल तो फेस मोडतं. डब्यात लावलेली डाळ उतू गेली तरी खालच्या पाण्यात पडते, नळीपर्यंत क्वचित जाते, एवढ्यासाठीसुद्धा डबे चांगले. डब्यांखाली दीड-दोन वाट्या पाणी, तळाला जाळी, आणि अॅल्युमिनियमचं भांडं काळं पडू नये म्हणून पाण्यात लिंबाची वापरलेली फोड किंवा चिंचेचं बुटुक. आम्लाने काळा थर धरत नाही.

नवा कुकर घेताना आयएस २३४७ या मानकाची आयएसआय खूण बघावी. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरला ती सक्तीची आहे. पावतीवर मॉडेल आणि लिटर लिहून घ्यावेत, कारण पुढे रिंग, शिट्टी, व्हॉल्व्ह घेताना लिटरवरून माप जुळत नाही. एकाच कंपनीच्या पाच लिटरच्या दोन मॉडेलांना वेगळ्या रिंगा लागतात. इंडक्शनवर वापरायचा असेल तर तळाला चुंबक चिकटतो का बघावं, नुसत्या अॅल्युमिनियमवर इंडक्शन चालत नाही. आणि कुकर एकदा कोरडा जळून तळ खाली फुगला असेल, सपाट ओट्यावर ठेवल्यावर डुगडुगत असेल, तर व्हॉल्व्ह नवा घालून तो दाबाला वापरू नये. झाकण बाजूला ठेवून उघड्या पातेल्यासारखा कितीही वर्षं वापरता येईल.